सांबार ताजा, बाकी चालते

आमच्या धंद्यात चांगल्या धानाला चांगलं म्हणत नाहीत.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. मी राईस मिलमध्ये धान पाहतो. शेतकऱ्याची ट्रॉली आली की पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, खालची मूठ वर काढायची, तळहातावर चोळून फुंकर मारायची आणि एक दाणा दाताखाली धरायचा. कट्ट वाजला तर वाळलेला, दबला तर ओला. मग दाणा थुंकायचा आणि एकच शब्द बोलायचा. ओला असेल तर 'ओला'. पोचट असेल तर 'पोचट'. आणि माल असा असेल की हातातून सोडवत नाही, तर 'चालते'. त्याच्या वर काही नाही. चांगलं म्हटलं की भाव चढतो. हे मला बाबांनी शिकवलं. त्यांनीही जन्मभर हेच केलं. आता ओल मोजायचं यंत्र आलं आहे, पण शेतकरी यंत्राकडे पाहत नाही, माझ्या तोंडाकडे पाहतो.

नवेगावकडचा एक शेतकरी आहे. त्याच्या धानासारखं धान आमच्या भागात दुसऱ्या कोणाचं नाही. दरवर्षी दिवाळीच्या पुढंमागं त्याची ट्रॉली लागते, तो टोपी काढून हातात धरतो आणि विचारतो, साहेब, यंदा तरी? मी म्हणतो, चालते. तो टोपी पुन्हा घालतो. आमच्यात तो एक खेळच झाला होता. निदान मी त्याला खेळ समजत होतो.

हा शब्द मिलमधून माझ्याबरोबर घरी आला. लग्नातली वांग्याची भाजी चालते. मुलाचा बारावीचा निकाल चालते. नवी सून आली तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, तर तीही चालते. बायको म्हणते, देवानं तुम्हाला जीभ दिली, तिच्यावर ठेवायला काही दिलं नाही.

आता बहिणीचं सांगतो.

ती माझ्याहून बरीच धाकटी. तिचा नवरा तंदूरवर काम करणारा आचारी. व्हिएतनाममध्ये एका भारतीय हॉटेलात त्याला काम मिळालं आणि ती त्याच्याबरोबर गेली. आमच्या घरातून इतक्या लांब कोणी गेलं नव्हतं. ती निघाली तेव्हा मी म्हणालो होतो, तिथं काय ठेवलं आहे. त्यानंतर फोन व्हायचे. आमच्याकडे फोन उचलला की पहिलं वाक्य, जेवलीस का. मीही तेच विचारायचो. ती हो म्हणायची. काय जेवलीस, हे इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. आणि लग्नात, तेरवीत, मिलच्या फाटकावर कोणी चौकशी केली की सांगायचो, काय करते, लोकांची ताटं धुते. ती काय करते ते मला ठाऊक नव्हतं. नात्यातली ती एकटीच समुद्रापार गेली होती आणि ते मला सलत होतं, एवढंच.

खरं तर ती एका म्हातारीच्या हातगाडीवर उभी राहायची. त्यांच्या गल्लीत ती म्हातारी सकाळी लांब कडक पाव विकायची. उभा चिरलेला, आत मांस, आंबवलेला मुळा-गाजर, काकडी, मिरची, कोथिंबीर, वरून माशाच्या खाऱ्या रसाचे थेंब. बहीण आधी गिऱ्हाईक होती, मग गप्पा मारायला थांबू लागली, मग काकडी चिरू लागली, आणि म्हातारीचे गुडघे गेले तेव्हा गाडी हीच लावायची. हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेही मी विचारलं म्हणून नाही.

ते हॉटेल बंद पडलं आणि दोघं परत आले. तिच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या जावयांना, नागपूरला एका हॉटेलच्या भटारखान्यात काम लागलं. ही मात्र इकडं आमच्याकडे, कोहमाऱ्याला आली आणि हमरस्त्यावरच्या एका ढाब्याच्या ओळीतली शेवटची खोली भाड्यानं घेतली. ढाबेवाला गोंदियाचा, हिंदी बोलणारा, पोटानं मोठा आणि मनानंही. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधीचे दिवस. ती मिलमध्ये आली आणि म्हणाली, दादा, कणकी पाहिजे. कणकी म्हणजे मिलमध्ये तुटलेला तांदूळ.

"कायले?"

"पावात घालाले."

मी हसलो. गव्हाचा दुष्काळ पडला का, म्हणालो. तिनं शांतपणे सांगितलं की तिथं मैद्यात थोडी तांदळाची पिठी घालतात, कवच पातळ होतं. आणि मग पोत्यावर बसून, घाम पुसत, दुसरं सांगितलं. जावयांच्या जुन्या मालकानं तिकडं नवीन हॉटेल टाकलं होतं, तो दोघांना बोलावत होता.

"एक पावसाळा, एक हिवाळा पाहीन म्हनते. चाललं तं इथंच राहीन. नाही चाललं तं जाऊ आम्ही परत. मंग काही येनं होत नाही दादा."

मी तिला कणकीचं पोतं दिलं. 

दुकान उघडलं त्या दिवशी सकाळी ढाब्यावर बरीच माणसं होती. नात्यातले चार लोक होते, मिलमधले होते, रस्त्यावरचे ट्रकवाले होते. फळ्यावर तिनं त्या पावाचं तिकडचं नाव, 'बान्ह मी', लिहिलं होतं आणि ते कोणालाच म्हणता येत नव्हतं. नवेगावचा तो शेतकरीही बियाणं घेऊन जाताना थांबला होता. त्यानं फळा मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "हा 'बन मी' होय, तं 'बन तू' कुठी हाय?" सगळे हसले, बहीणही हसली. मग तिनं पहिला पाव कापला आणि माझ्या हातात दिला. मी मोठा भाऊ, शिवाय तोंडानं माल पारखणारा माणूस. पहिलं मत माझंच घ्यायचं, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

त्या घासाबद्दल मला नीट सांगता येत नाही. उन्हाळ्यात शेतातली बोडी, म्हणजे लहान तळं, आटली की तळाच्या मातीवर पापडी धरते आणि पाऊल टाकलं की ती बारीक आवाज करून मोडते. कवच तसं मोडलं. माझ्या मिलमधली कणकी, जी आम्ही कोंबड्यांना घालतो, ती हा आवाज करू शकते हे मला माहीत नव्हतं. आत पाव इतका हलका की नसल्यासारखा. मग मुळ्याचा आंबट गारवा, मिरची, हिरवा वास. आणि सगळ्याच्या खाली, जिभेच्या मुळाशी, माशाचं खारं काहीतरी, फार जुनं, जे मी आधी कुठंतरी खाल्लं होतं आणि कुठं ते आठवत नव्हतं. मी डोळे मिटले नाहीत, कारण लोक पाहत होते. पण माझ्या अंगावर काटा आला, तो शर्टाच्या बाहीखाली होता म्हणून कोणाला दिसला नाही. वाटलं, ही एवढं घेऊन आली. एवढं लांबून, एकटी, डोक्यात आणि हातांत.

ढाबेवाल्यानं विचारलं, "बोलो साहब, कैसा है?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. बहीण सुरीनं काकडी चिरत होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

मी म्हणालो, "सांबार ताजा आहे. बाकी चालते."

आमच्या भागात सांबार म्हणजे कोथिंबीर. हे बाहेरच्या माणसांसाठी सांगतो, कारण या शब्दानं पुढं आणखी घोळ केला. पण तो शब्द निरपराध होता. अपराध दुसऱ्या शब्दाचा होता. धंद्याची सवय म्हणून तो निघाला, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत राहिलो. तसं नव्हतं. 'चांगला' हा शब्द दातापर्यंत आला होता. पण समोर तेच लोक उभे होते ज्यांना मी ताटं धुते म्हणून सांगत आलो होतो. पाव चांगला म्हटला असता तर इतकी वर्षं मी काय बोललो, हा प्रश्न आला असता. म्हणून मी तो शब्द गिळला. घासाबरोबरच गिळला. लोकांना काय ऐकू जाईल ते मला ठाऊक होतं.

ढाबेवाला भला माणूस. त्याला वाटलं, साहेबांचं मत मोबाईलवर टाकलं तर दुकानाला मदत होईल. त्यानं तिथल्या तिथं दुकानाचं पान काढलं आणि माझं वाक्य जसंच्या तसं टाकलं. राईस मिलवाल्या साहेबांची राय. तारे किती द्यायचे यावर तो थोडा थांबला आणि मला म्हणाला, "चालता है मतलब तीन ना?" मी मान हलवली.

दुकानाबद्दलचं जगातलं ते पहिलं मत.

त्यानंतर मला एक नाद लागला. रात्रीचं जेवण झालं की मी मोबाईल घेऊन बसायचो आणि त्या पानावर लोकांनी काय लिहिलं ते वाचायचो. मला त्याचा अचंबा वाटायचा. रायपूरला जाणारा कोणी ट्रकवाला घास गिळून होतो न होतो तोच लिहून मोकळा: रोटी कडक है पर दिल नरम कर देती है. नागझिऱ्याला निघालेली कॉलेजची मुलं लिहायची की वाघ दिसला नाही, पाव खाल्ला, पैसे वसूल. कोणी लिहायचं, मासळीचा वास येतो, नाक धरून खा आणि मग नाक सोडा. एकानं लिहिलं होतं, दोन घेतले, एक घरी नेणार होतो, देवरी येईपर्यंत संपला, बायकोला सांगू नका. ही माणसं मला भेटली नव्हती. त्यांनी धान कधी दाताखाली धरलं नसेल. पण आवडलं तर आवडलं, नाही तर नाही, असं सरळ बोलून मोकळी होत होती. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. अंधारात मोबाईलच्या उजेडात त्यांची वाक्यं वाचायचो आणि वाटायचं, हे यांना कोणी शिकवलं?

पण पानावर सगळ्यांच्या वर माझंच वाक्य दिसायचं. ते का वर यायचं ते मला कळत नाही. पहिलं होतं म्हणून असेल. आणि हळूहळू लक्षात आलं की आमच्याच भागातली माणसं ते वाचून थांबत नाहीत. साहेब स्वतः म्हणतात बाकी चालते, आणि सख्ख्या बहिणीच्या दुकानाला म्हणतात. मग खरं काय असेल, असा हिशोब ते करत. मीही तसाच केला असता.

मग सांबाराचा घोळ झाला. त्या दिवशी मी धान पाहायला जाता जाता ढाब्यावर चहाला थांबलो होतो. बहिणीच्या दुकानात नव्हे. तिथं मी जात नसे. शेवटच्या खाटेवर बसायचो, तिथून सगळं ऐकू यायचं. पुण्याची एक गाडी थांबली. आई-वडील, दोन मुलं, एक आजोबा. त्यांनी मागवलं, पाव आले, आणि ते थांबून राहिले. बराच वेळ कोणी हात लावेना. शेवटी बहिणीनं विचारलं की काय झालं. बाई म्हणाल्या, सांबार आला की सुरू करू.

"आहे ना जी आत."

"आत? पावाच्या आत?"

"मंग कुठी राहते?"

आजोबांनी पाव उचलून पाहिला, गळतो आहे का म्हणून. बहिणीला वाटलं यांना जास्त हवा आहे. ती आत गेली आणि ताटलीभर सांबार बारीक चिरून घेऊन आली. त्या बाईंनी ताटली पाहिली, मोबाईल पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं. नवरा अगदी सौजन्यानं म्हणाला, ताई, ही कोथिंबीर आहे. बहीण म्हणाली, "हो जी, तेच तं." ढाबेवाला हसता हसता खाटेवर लवंडला. पण ती माणसं हसली नाहीत. उन्हातून आलेली होती, मुलांना सांबार कबूल केला होता. पाव खाल्ले, बहुतेक आवडलेही, पण नागपूर येईपर्यंत त्यांनी लिहिलं: वाचून मुद्दाम थांबलो. सांबार मागितला तर कोथिंबीर दिली. एक तारा.

बहीण त्या दिवशी हसली. मलाही हसू आलं. पण त्यानंतर बाहेरगावच्या गाड्या कमी झाल्या, आणि ज्या वाक्यानं त्यांना फसवलं ते माझं होतं.

या सगळ्यात मी एक गोष्ट पाहत होतो. ती गिऱ्हाइकाला कसा झाला असं विचारत नसे. प्रत्येक माणूस उठताना ती विचारायची, "काय कमी पडलं?" असा प्रश्न मी कोणत्या दुकानात ऐकला नव्हता. माणूस आधी नाही काही म्हणायचा, मग थोडं थांबून काहीतरी सांगायचाच. कोणी म्हणे मिरची. कोणी म्हणे पाणी थंड ठेवा. ती मान हलवायची आणि पुढच्या खेपेला ते झालेलं असायचं. फक्त मला तिनं हे कधी विचारलं नाही. पहिल्या दिवशीही नाही.

पावसाळा भरात असताना चिचगडकडची एक म्हातारी आली. डोक्यावर टोपली, टोपलीत वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, त्या दिवसांत जंगलातून येतात ते. अर्धी गोंडी, अर्धी आपली बोली बोलणारी. ढाब्यावर वास्ते विकायला आली होती, ढाबेवाल्यानं नाही म्हटलं, तर बहिणीनं तिला हाक मारून बसवलं आणि एक पाव दिला. म्हातारीनं तो दोन्ही हातांत धरून आधी हुंगला. मग चावली. दात थोडेच होते, बाजूच्या दातांनी चावली. कवचाचा तो बारीक आवाज मला खाटेवर ऐकू आला. मग ती चघळत राहिली, चघळत राहिली, आणि रस्त्याकडे पाहत म्हणाली, "हे तं रोवनीतलं खानं होय. बांदावरचं. पावात बांधून देल्लं."

माझा चहा हातातच राहिला.

लहानपणी रोवणीच्या दिवसांत बांध्यांतल्या, म्हणजे भाताच्या वाफ्यांतल्या, पाण्यात बोटाएवढे मासे सापडायचे. आई ते पळसाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर टाकायची, मीठ-मिरची लावून, आणि आम्ही बांधावर बसून, पाय चिखलात सोडून, शिळ्या भाताबरोबर खायचो. बहीण तेव्हा आईच्या पाठीला बांधलेली असायची. त्या पहिल्या घासात जिभेच्या मुळाशी जे होतं ते हे होतं. मी मिलमध्ये जन्म काढला आणि मला ओळखता आलं नाही. या बाईनं बसल्या बसल्या ओळखलं आणि तोंडानं सांगूनही टाकलं. तिकडंही धानच, तिकडंही बांध, तिकडंही चिखलातली मासोळी. बहीण समुद्रापार जाऊन आमच्याच बांधावर पोचली होती, आणि मी सांगत होतो ताटं धुते.

"काय कमी पडलं, माय?" बहिणीनं विचारलं.

म्हातारीनं आपल्या टोपलीकडे बोट दाखवलं. "हे."

बहीण इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. टोपली सगळी घेतली. आठवड्याभरानं पावात आंबवलेले वास्ते आले, आणि मोबाईलवर कोणीतरी लिहिलं, हे दुसरीकडं कुठं मिळणार नाही.

तरी चालत नव्हतं. पुरेसं नाही. धान कापणीला आलं तेव्हा ढाबेवाल्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की एक टायरवाला खोली मागतो आहे, तुमच्या बहिणीसाठी आपण त्याला थांबवून ठेवलं आहे, पण किती दिवस. तिकडून जावयांचा जुना मालकही फोन करत होता. बहिणीनं मला काही सांगितलं नाही. मीच एका सकाळी चहा अर्धा टाकून तिच्या दुकानात गेलो. पहिल्या दिवसानंतर पहिल्यांदा.

ती पावाचं पीठ मळत होती. मी स्टुलावर बसलो.  म्हणालो, त्या दिवशी मी बोललो ते खरं नव्हतं.

"मले माहीत आहे," ती म्हणाली.

मला वाटलं ती माझं मन राखते आहे. म्हणालो, तुला कसं माहीत असेल.

तिनं हात थांबवले नाहीत. "बाबा चांगला दाना थुकत नव्हते. बाकीचे थुकत, चांगला असला तं गिळून घेत. आई म्हनायची, बाबाच्या तोंडाकडं पाहू नको, गळ्याकडं पाह्य. तू त्या दिवशी शर्टावर पडलेला चुरा सुद्दा येचून खाल्ला दादा. मी पाहून राहिली होती."

मी खाली मान घालून आपल्याच शर्टाकडे पाहिलं, जणू चुरा अजून तिथं आहे. बाबा दाणा गिळत, हे मी त्यांच्या शेजारी उभा राहून कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांचा शब्द शिकलो. तिनं त्यांचा गळा वाचला होता.

"मंग तू बोलली काऊन नाहीस?" मी विचारलं. मिलमध्ये मी अशी बोली बोलत नाही. तिच्यासमोर निघाली.

"मले तं माहीत होतं. गिऱ्हाइकाले कोन सांगन?"

ती चिडून बोलली नाही. पाणी कमी आहे, थोडं घाल, असं सांगावं तसं बोलली. आणि पीठ उलटं करून पुन्हा मळू लागली. मी माफी मागायला तोंड उघडलं होतं. तिला ती नको होती. जे हवं होतं ते तिनं सांगून टाकलं होतं.

बाहेर ढाब्यावर कापणीच्या दिवसांतली गर्दी होती. मिलकडं जाणाऱ्या धानाच्या ट्रॉल्या रांगेनं उभ्या, शेतकरी चहा पीत बसलेले. बहुतेकांचं धान मी दुपारी दाताखाली धरणार होतो. नवेगावचाही त्यांत होता. मी त्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. कोणी तरी सरकून जागा केली, मी बसलो नाही.

म्हणालो, "माझ्या बहिणीचा पाव चांगला आहे. पहिल्या दिवशीच चांगला होता. मी खोटं बोललो."

आवाज फार मोठा नव्हता. पण तो शब्द माझ्या तोंडून त्यांनी कधी ऐकला नव्हता, म्हणून कपांचे आवाज थांबले. आणि मग जे व्हायला हवं होतं तेच झालं, फक्त मी त्याचा विचार केला नव्हता. नवेगावच्या त्या माणसानं टोपी काढली. हातात धरली. नेहमीसारखी.

"साहेब, तुमच्यापाशी हा शबूद होता तं? मंग माझ्या धानाले काऊन चालते म्हनत राहिले?"

दोन-चार जण हसले. तो हसत नव्हता.

इतके दिवस मी एका शब्दासाठी स्वतःला दोष देत होतो. तो एकदाच उच्चारलेला नव्हता, हे मला तिथं, त्याच्या टोपीकडे पाहताना कळलं. मी म्हणालो, "तुझं धान चांगलं आहे. दरवर्षी चांगलं होतं."

"दरवर्षी," तो म्हणाला. एवढंच. त्यानं टोपी घातली, कप खाली ठेवला, आणि तो माझ्या बाजूनं चालत सरळ शेवटच्या खोलीत गेला. त्याच्या मागं एक गेला, मग आणखी काही. मला पावाची कवचं मोडताना ऐकू येऊ लागली. एकामागून एक, मग एकदम पुष्कळ. एखाद्या आटलेल्या बोडीवरून सगळं गाव चालत जावं तसा आवाज. मी ढाब्याच्या खांबाला धरून तो ऐकत राहिलो. आत जायचा धीर झाला नाही. देवळात गर्दी असली की बाहेरूनच हात जोडतात, तसं काहीसं झालं.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट मिलच्या मालकापर्यंत गेली. त्यांनी मला काढलं नाही. जुना माणूस आहे म्हणाले. पण आता ट्रॉलीपाशी यंत्र आधी लागतं आणि मी नंतर. नवेगावच्या माणसाची ट्रॉली येते. तो टोपी काढत नाही. यंदा तरी, असंही विचारत नाही. धान अजून तसंच आहे. मी दाणा दाताखाली धरतो आणि थुंकत नाही, एवढं आता मला माझ्यापुरतं कळतं.

हिवाळा सरता सरता जावई नागपूरचं काम सोडून कोहमाऱ्याला आले. टायरवाल्यानं पलीकडं जागा घेतली. त्याचे कारागीर दुपारी इथंच खातात. दुकानाच्या बाहेर आता एक मोठा फळा आहे, त्यावर बहिणीच्या अक्षरात लिहिलं आहे: सांबार म्हणजे कोथिंबीर. दुसरा सांबार मिळणार नाही. लोक त्या फळ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. मोबाईलवरचं माझं वाक्य ढाबेवाल्याला काढायला सांगितलं, तर बहिणीनंच अडवलं. राहू दे म्हणाली, साहेबाची राय आहे, मोडत नाही. त्याच्या खाली ढाबेवाल्यानं आपल्या हिंदीत जोडलं आहे की साहब ने बाद में माना. तारे मात्र तीनच ठेवले. म्हणाला, आपने तारों के बारे में कुछ नहीं बोला.

मी आता रोज आत बसून खातो. परवा खाऊन झालं, कपडे झटकत उठलो, तर ती गल्ल्यामागून, दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पाव चिरता चिरता, मान वर न करता म्हणाली, "काय कमी पडलं, दादा?"

मला एक क्षण समजलंच नाही की हे मला विचारलं आहे. मग मी खरोखर विचार केला. जीभ तोंडात फिरवून पाहिली.

म्हणालो, "मीठ. आज थोडं कमी आहे."

तिनं बोट बुडवून मुळ्याचं पाणी चाखलं. "हो," म्हणाली, आणि मिठाच्या डब्याकडे हात नेला.